शून्य दिसलं की आधी तारा

मामीला प्रयोगशाळेत सगळे काकू म्हणत. मॅडम तेवढ्या बाई म्हणत. मॅडम म्हणजे तिच्या मार्गदर्शक, वयाने मामीपेक्षा लहानच. मामीने पीएच.डी.ला नाव घातलं तेव्हा ती शाळेत विज्ञान शिकवण्याची नोकरी सोडून आली होती, आणि एकदा शाळेतल्या बाई झाल्यावर माणसाची त्यातून सुटका नसते.

मी त्या काळात मामाकडे राहून एम.ए. करत होते. मामी सकाळी माझ्याआधी घराबाहेर पडायची आणि संध्याकाळी मामाच्या शेवटच्या फेरीला त्याच्याच बसने परत यायची. मामा शहर वाहतुकीच्या बसवर ड्रायव्हर होता. त्यांचं लग्नही त्या बसनेच जमवलेलं. ती कॉलेजात असताना तिच्या स्टॉपवर हा गाडी जरा जास्तच थांबवायचा. मागून लोक ओरडायचे, "ड्रायव्हरसाहेब, नवरी आली का? आली असेल तर निघू या." मामी सांगते, एक दिवस तिला उशीर झाला आणि गाडी स्टॉपवर उभीच होती. ती चढली तेव्हा गाडीतल्या सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. "त्या दिवशी मी लाजेने मेले आणि लग्न ठरलं."

तिचे वडील कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला. घरी यायचे तेव्हा त्यांची नखं निळी असायची. "हा रंग कशाचा?" असं तिने लहानपणी विचारलं, तर ते म्हणाले, "कोळशाचा." कोळसा काळा आणि त्यातून निळा, लाल, पिवळा निघतो, हे तिला खोटं वाटलं. खरं असल्याचं कळलं तेव्हा ती विज्ञानाकडे वळलेली होती. आणि चाळिशी उलटल्यावर, मुलगी हॉस्टेलला गेल्यावर, तिने मॅडमच्या प्रयोगशाळेचं दार वाजवलं. कारण तिथे कोळशाच्याच जातीचे, रंगांच्या नात्यातले पदार्थ तयार करत आणि त्यांतून धातूतून जावी तशी वीज जायची. त्यांना सेंद्रिय वाहक म्हणतात. मामीने तिथे स्वतःचा एक नवा क्षार बनवला. काचेच्या भांड्यात दोन तारा, मध्ये द्रावण, आणि अगदी क्षीण प्रवाह. असं भांडं कित्येक आठवडे न हलवता ठेवलं की तारेवर काळ्या सुया वाढत. पापणीच्या केसाएवढ्या. ज्या खोलीत ती भांडी ठेवलेली असत तिथे दार आपटणाऱ्याला मामी शाळेतल्या नजरेने बघायची, आणि तेवढं पुरायचं.

त्या सुया उचलायला चिमटा चालत नसे, मोडायच्या. काडीच्या टोकाला एक केस चिकटवून त्याने सुई अलगद ओढून घ्यावी लागे. शेजारच्या टेबलावर काम करणारा, सगळे ज्याला लंबू म्हणत तो पोरगा म्हणायचा, "काकू, एक पांढरा द्या ना. काळा फार वाकतो."

"घे. पण डिग्री लवकर संपव. तुझ्या पायी मला टक्कल पडेल."

घरी आम्हाला तिचं काम समजलं ते एका रविवारी, कांदा चिरता चिरता. मामाने सहज विचारलं होतं की एवढीशी सुई घेऊन तुम्ही दिवसभर करता काय.

"आधी थंड करतो," मामी म्हणाली. "खूप थंड. बर्फ त्यापुढे गरम वाटेल इतकं. प्रत्येक इलेक्ट्रॉन म्हणजे एक बारीक लोहचुंबक असतो. नेहमी ते इकडेतिकडे धावत असतात, म्हणून वीज वाहते. माझ्या क्षारात मात्र थंडी वाढली की ते एकाआड एक ओळ लावतात. एकाचं तोंड वर, पुढच्याचं खाली, पुढच्याचं वर. आणि जागचे हलत नाहीत. वीज बंद."

"म्हणजे संपावर बसले."

"हां, तसंच समजा."

"मागण्या काय आहेत?"

"मागण्या नाहीत हो त्यांच्या."

"मग संप मोडायचा कसा?"

"दाब आणायचा."

मामाने हातातला पेपर खाली ठेवला. "हे आमच्या डेपोतलंच चाललंय."

"सगळीकडून सारखा दाब. रेणू एकमेकांच्या जवळ येतात, मग ती ओळ टिकत नाही. मोडते. आणि नशीब असेल तर आणखी थंडीत इलेक्ट्रॉन असे धावतात की त्यांना अडथळाच उरत नाही. रोध शून्य. एकदा सोडलेली वीज फिरतच राहते, काहीच खर्च न होता."

"म्हणजे संप मोडून वर फुकट काम करायला लागले. बाईसाहेब, हे युनियनला कळू देऊ नका."

मामी हसता हसता डोळे पुसत होती, कांदाही होताच. पण नंतर ती गंभीर झाली. "माझा क्षार तसा आहे की नाही, तेच ठरत नाहीये."

ते का ठरत नव्हतं त्याचं कारण प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावलेलं होतं. दाब देणाऱ्या यंत्राच्या वर, मॅडमच्या अक्षरात: शून्य दिसलं की आधी तारा.

मॅडम तरुण असताना त्यांनी एका पदार्थात रोध शून्य झाल्याचं मोठ्या परिषदेत जाहीर केलं होतं. परत येऊन उपकरण उघडलं तर आतल्या दोन सोन्याच्या तारा एकमेकींना टेकलेल्या. एका सुईला चार तारा लावतात. दोन वीज नेतात, दोन मोजतात. मोजणाऱ्या दोन जर चुकून चिकटल्या तर यंत्र शून्यच दाखवणार, मग सुईचं काही का होईना. मॅडमना सगळ्यांसमोर शब्द मागे घ्यावे लागले. हसणाऱ्यांत पलीकडच्या इमारतीतले चुंबकवाले सरही होते. त्यांच्याकडे मोठा विद्युतचुंबक होता म्हणून त्यांना तसं म्हणत. त्या दिवसापासून मॅडमचा नियम झाला. कुणाच्याही यंत्रात शून्य आलं की काम थांबवायचं, उपकरण थंडीतून वर काढायचं, उघडायचं, तारा बघायच्या.

मामीच्या क्षारात शून्य तीनदा आलं होतं. तिन्ही वेळा उघडलं. तिन्ही वेळा आत तारा सुटून एकमेकींवर पडलेल्या.

मॅडम रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बाई, तुमचे हात चांगले आहेत, पण हा क्षार काही तारा धरत नाही. तुमची मुदत या सत्राबरोबर संपतेय. जुन्या नमुन्यांची मोजणी पडून आहे, त्यावर प्रबंध लिहा. डिग्री मिळेल."

जुने नमुने म्हणजे दुसऱ्या कुणी तरी वाढवलेले. डिग्री मिळाली असती. तिचा क्षार मात्र कपाटात राहिला असता, लेबलासकट, आणि पुढे कधी तरी साफसफाईत गेला असता. त्या आठवड्यात माझ्या आईचा फोन आला. आई म्हणजे मामीची नणंद, आणि नणंदेचा धर्म ती फोनवरूनही पाळायची. "काय गं वहिनी, एवढी वर्षं शिकून शेवटी शून्यच ना?"

"वन्सं, शून्यच तर हवंय," मामी म्हणाली. पण फोन ठेवल्यावर ती बराच वेळ सिंकपाशी नळ सोडून उभी राहिली, आणि धुवायला भांडी नव्हती.

आता ते उपकरण कसं असतं हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मुठीत मावेल एवढी जाड भिंतीची धातूची नळी. तिला ते ठोकळा म्हणत. आत तेलाने भरलेली छोटी कुपी, तेलात तारांवर लटकलेली सुई. यंत्राने वरून दट्ट्या दाबायचा आणि दाब तसाच अडकून राहावा म्हणून वरचा नट पान्याने घट्ट आवळायचा. मग ठोकळा लांब दांडीला लावून अतिथंड द्रव हीलियमच्या भांड्यात सोडायचा. उघडायचा तेव्हा उलट. दांडीवरून काढायचा, मीटरच्या तारा सोडवायच्या, यंत्राखाली आणून नट सैल करायचा.

तिसऱ्यांदा उघडताना पाना मामीच्या हातात होता आणि ठोकळा लंबूने धरला होता. नट सुटला तेव्हा मामीच्या मनगटाला एक बारीक हिसका बसला. टक्. असा हिसका दर वेळी बसायचा, सगळ्यांच्याच हाताला. तो उघडण्याचाच भाग आहे असं सगळे धरून चालत. त्यानंतर कित्येक दिवस, भाजी निवडताना, बसमध्ये, अंथरुणावर पडल्यापडल्या, तिचं मनगट तो हिसका आठवत राहिलं. एका सकाळी चहा ओततानाच ती थांबली.

"तारा तेव्हाच तुटत असतील तर?"

"कुठल्या?" मामा म्हणाला.

"आपण उघडतो म्हणूनच तुटत असतील तर? आत सगळं ठीक असेल. आपण बघायला जातो आणि बघण्यानेच मोडतो."

"झोपलेल्याला झोप लागली का विचारायचं," मामा म्हणाला, "आणि तो हो म्हणाला की, बघा, जागाच आहे!"

मामीने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो घाबरून म्हणाला, "मी गंमत केली."

तिला हे सिद्ध करायचं होतं, आणि त्यासाठी हीलियमचा थेंबही लागणार नव्हता. तिने सुईच्या जागी एका मिश्रधातूच्या तारेचा तुकडा लावला. सुईला लावते तशाच चार सोन्याच्या तारा, त्या चिकटवायचा तोच लेप, तेच तेल. ठोकळ्यावर दाब दिला, नट आवळला. आणि मग जे त्या प्रयोगशाळेत कुणी कधी केलं नव्हतं ते केलं: मीटर जोडलेलाच ठेवला. मॅडमना बोलावलं.

"बाई, हे काय? थंड न करता?"

"थंड नाही करायचं. तुम्ही फक्त आकडा बघा. मी उघडते."

मॅडम मीटरसमोर बसल्या. आकडा स्थिर होता. मामीने पाना लावला. लंबूने ठोकळा धरला. पाना थोडा फिरला, आकडा तसाच. आणखी थोडा. आकडा तसाच. मग टक्.

आकडा शून्य झाला.

ठोकळा उघडला तर तारा सुटून एकमेकींवर पडलेल्या, अगदी मागच्या तीन वेळांसारख्याच.

लंबू म्हणाला, "आयला." मग मॅडमकडे बघून म्हणाला, "सॉरी."

मॅडमनी वाकून तारा जवळून पाहिल्या. त्यांनी दुसरा तुकडा लावायला सांगितला. दुसऱ्यातही तेच. मग त्या म्हणाल्या, "यावरून एवढंच कळतं की उघडताना तारा सुटतात. तुमच्या तारा आधी सुटलेल्या नव्हत्या, हे यावरून कळत नाही."

"नाहीच कळत," मामी म्हणाली. "म्हणून न उघडता कळायला हवं. मला चुंबक पाहिजे."

हे मॅडमना समजावायची गरज नव्हती. मला समजावावं लागलं. रोध खरोखर शून्य झाला असेल तर जवळ पुरेसा मोठा चुंबक आणला की ती अवस्था मोडते, रोध परत येतो. चुंबक काढला की पुन्हा शून्य. तारा चिकटल्या असतील तर चुंबक आणा नाहीतर चुंबकाची आई आणा, यंत्र शून्यच दाखवत बसणार. मॅडमच्या लाजिरवाण्या परिषदेनंतर चुंबकवाल्यांकडे जायचं म्हणजे त्यांच्या दारात पुन्हा शून्य घेऊन उभं राहायचं. आजवर त्या गेल्या नव्हत्या. कुणाला पाठवलंही नव्हतं.

मॅडमनी मामीसमोरच फोन लावला. लंबू नंतर आम्हाला नक्कल करून दाखवायचा. पलीकडून सरांचा मोठा आवाज येत होता: "काय, परत शून्य? तारा बघितल्या का?"

"तारा बघणार नाही," मॅडम म्हणाल्या. "म्हणूनच फोन केलाय."

 मग सर म्हणाले, "शुक्रवारी या. त्यानंतर हीलियमचा प्लँट दुरुस्तीला बंद होतोय. शुक्रवारी जेवढं उरेल तेवढं तुमचं."

त्या शुक्रवारी मी तिथे होते, कारण मामी घाईत वाचायचा चष्मा घरी विसरली आणि मामाने मला तो घेऊन पिटाळलं. दुपारचं ऊन उंच खिडक्यांतून त्या हॉलमध्ये येत होतं. मध्यभागी माणसापेक्षा उंच चुंबकाचं भांडं, खाली पंपांची धडधड. मामीने चष्मा घेतला, "बस तिकडे, कशाला हात लावू नको," म्हणाली आणि मला विसरली.

ठोकळा खाली जात होता. ती तो इतका हळू सोडत होती की चुंबकवाल्यांच्या मुलांनी घड्याळं बघायला सुरुवात केली. घाईने थंड केलं तर सुईला न दिसणारे तडे जातात. एक जण म्हणाला, "काकू, या वेगाने प्लँट दुरुस्त होऊन परत सुरू होईल."

"होऊ दे," मामी म्हणाली. "तुला कुठे जायचंय?"

आकडा खाली येत होता, न अडखळता, एका चालीने. मग ती जागा आली जिथे तिच्या क्षारातले इलेक्ट्रॉन संपावर बसत आणि रोध एकदम वर उसळे.  आकडा उसळला नाही. ती जागा मागे टाकून तो खाली येतच राहिला. दाबाने ओळ मोडली होती.

मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या, हाताची घडी घालून. चुंबकवाल्या सरांनी आणखी एक पंप सुरू करायला सांगितला. हीलियमवरची वाफ ओढून घेतली की ते आणखी थंड होतं. आकडा आता हळूहळू सरकत होता. आणि मग जिना संपल्यावर अंधारात पाय पडावा तसा तो खाली पडला.

शून्य.

 सर मॅडमकडे पाहून हसले आणि म्हणाले, "आल्या तारा."

"चुंबक चढवा," मामी म्हणाली. तिचा आवाज शाळेतला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. सर वळले आणि त्यांनी चुंबकाचा प्रवाह वाढवायला घेतला.

आकडा शून्यावरच होता. चुंबक थोडा चढला. शून्य. आणखी थोडा. शून्य. मामीचा हात टेबलाच्या कडेवर होता. मला त्या क्षणी वाटलं की हे संपलं. जुने नमुने, डिग्री, कपाटातलं लेबल.

मग शेवटचा अंक हलला. एकदा. पुन्हा. आणि आकडा वर यायला लागला, बुडवून धरलेला लाकडाचा तुकडा सोडला की येतो तसा, घाईने, थांबवता न येणारा. रोध परत आला होता. लंबूने दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"उतरवा," मामी म्हणाली.

चुंबक उतरला. आकडा शून्यावर गेला.

"चढवा."

वर आला.

"उतरवा."

शून्य.

सर आता स्वतः बटणापाशी बसले होते आणि त्यांनी पुढचं मामीच्या सांगण्याची वाट न पाहता केलं. चढवला, उतरवला, चढवला. त्यांच्या चेहऱ्यावर मघाचं हसू नव्हतं. मग ते म्हणाले, "ह्या तारा नाहीत."

"नाहीत," मॅडम म्हणाल्या. त्या भिंतीपासून पुढे आल्या, मामीशेजारी उभ्या राहिल्या आणि मीटरकडे बघतच हळू म्हणाल्या, "बाई, म्हणजे मागचे तिन्ही खरे होते."

"असतील."

"मी उघडायला लावले."

"उघडले म्हणूनच तो हिसका हाताला कळला," मामी म्हणाली. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तिथे उभी असलेली सगळी माणसं एकाच वेळी बोलायला लागली. कुणी कुणाला मिठी मारली, कुणी पंपाला पाय अडखळून पडता पडता वाचला. लंबू, ज्याला मी दोनदाच भेटले होते, मला सांगत होता, "पाहिलंस ना? वर आला की नाही? वर आला की नाही?"

सर मॅडमना म्हणाले, "आमच्या दुसऱ्या, याहून मोठ्या चुंबकात हा बघायला हवा. दोन-चार स्फटिक पाठवून द्या."

"मला काय सांगता?" मॅडम म्हणाल्या. "क्षार बाईंचा आहे. त्यांना विचारा."

सर मामीकडे वळले. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण त्याने अगदी अदबीने विचारलं, "द्याल का?"

मामीने खरोखर विचार केला. "देईन," ती म्हणाली. "पण पाठवणार नाही. मोडतात. मी स्वतः येऊन लावून देईन. आणि तुमची मुलं घड्याळं बघणार असतील तर त्यांना बाहेर बसवा."

मघाचा मुलगा हसायला लागला आणि म्हणाला, "चूक झाली, काकू."

"प्रबंधाचं आता..." मॅडम म्हणायला लागल्या, मग थांबल्या. "जुन्या नमुन्यांचं राहू दे. याच्यावर लिहा. मुदतवाढीचं मी बघते."

संध्याकाळी मामा गणवेशातच आला, खाली गाडी लावून. डेपोत जायच्या आधीची ती शेवटची फेरी. हॉलच्या दारात उभा राहून त्याने सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि काही विचारायची त्याला गरज पडली नाही. तरी विचारलं. "झालं?"

"झालं," मामी म्हणाली.

"मोडला संप?"

"मोडला."

 मामाने टोपी काढून काखेत धरली. मग म्हणाला, "चल. लोक ताटकळलेत गाडीत."

भांड्यातलं हीलियम तळाला आलं होतं. थोड्या वेळाने ते संपलं असतं, आणि प्लँट सुरू होईपर्यंत कुणालाच ते शून्य पुन्हा बघता आलं नसतं. सर बटणापासून उठले आणि त्यांनी खुर्ची मामीकडे सरकवली. ती बसली, चष्मा नाकावर सरळ केला.

"थांबा हो," ती मामाला म्हणाली. "एकदा मी बघते."

आणि तिने स्वतःच्या हाताने चुंबक चढवला.